मागच्या दाराने

पंचतारांकित हॉटेलात पाहुणा पुढच्या दाराने शिरतो, कामाला येणारा माणूस मागच्या. पुढे संगमरवर, फुलं आणि सलाम. मागे टाइम ऑफिस, हजेरीचं यंत्र, पिशवी उघडून बघणारा सिक्युरिटी गार्ड, मग लॉकर रूम आणि युनिफॉर्म रूमची खिडकी. त्या खिडकीत मळका गणवेश द्यायचा, इस्त्रीचा घ्यायचा. पुढे नखं, दाढी, बूट, केस यांची तपासणी. लातूर किंवा सावंतवाडीहून पहिल्यांदाच मोठ्या हॉटेलात आलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो इथे. कॉलेजच्या माहितीपत्रकात टाय बांधलेली मुलं होती. इथे कुणीतरी आपली नखं बघतंय.

‘मुलगा बँकेत आहे’ हे वाक्य आपल्याकडे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ‘मुलगा हॉटेलात आहे’ हे कोणी सांगत नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, हॉटेल मॅनेजमेंटच्या जाहिराती ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या शब्दांवर फार जोर देतात. हसरा चेहरा, सफाईदार इंग्रजी, ताठ चाल वगैरे. हे सगळं होतंही, पण तो वरचा थर. माणूस बदलतो तो रोजच्या कामाची जी घडी बसवलेली असते तिच्यामुळे, आणि ती घडी लॉबीत बसून दिसत नाही.

या शिक्षणाची संस्था आपल्याकडे 1954 साली मुंबईत सुरू झाली. आज दादरला असलेली इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ती हीच. गोव्यात पर्वरीलाही अशीच संस्था आहे. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काढावे लागतात आणि त्या काळात त्याला मुख्य चार खात्यांतून फिरवतात: हाउसकीपिंग, सर्व्हिस, किचन आणि फ्रंट ऑफिस. आपणही त्याच वाटेने जाऊ.

हाउसकीपिंग हे सगळ्यांना नकोसं खातं. निम्म्या मुलांना शेफ व्हायचं असतं, उरलेल्यांना फ्रंट ऑफिसला उभं राहायचं असतं; दुसऱ्याचा संडास धुवायला कोणी फी भरलेली नसते. माझ्या मते मात्र चारांतलं सर्वांत चांगलं शिक्षण इथेच मिळतं.

एका रूम अटेंडंटच्या वाट्याला एका शिफ्टमध्ये साधारण बारा ते सोळा खोल्या येतात. पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला अर्धा-पाऊण तास लागतो, राहत असलेल्याच्या खोलीला त्याहून कमी. सकाळी फ्लोअर पॅन्ट्रीत ट्रॉली भरायची: चादरी, टॉवेल, साबण, शाम्पू, चहा-कॉफीची पाकिटं आणि रसायनांच्या बाटल्या. भारतातल्या पुष्कळ हॉटेलांत या बाटल्या टास्की या ब्रँडच्या असतात आणि त्यांना सगळे नंबरानेच ओळखतात. आर-वन बाथरूमला, आर-टू सगळीकडे पुसायला, आर-थ्री काचेला, आर-फोर लाकडी फर्निचरला, आर-फाइव्ह खोलीत सुवासासाठी, आर-सिक्स कमोडला. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशी आणि पदवीचा ट्रेनी, दोघांनाही हे पहिल्याच आठवड्यात पाठ करावं लागतं. मावशींचं बहुधा आधी होतं.

खोलीत शिरायची रीत ठरलेली असते. दार वाजवायचं, ‘हाउसकीपिंग’ म्हणायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं, मगच आत. दार उघडं ठेवून ट्रॉली दारात आडवी लावायची. पडदे उघडायचे, एकेक दिवा लावून कुठला बल्ब गेलाय ते बघायचं. कचरा आणि मळके कपडे आधी बाहेर. मग पलंग, आणि धूळ त्यानंतर, कारण चादर अंथरताना धूळ उडतेच. धूळ पुसताना दारापासून सुरुवात करायची आणि भिंतीभिंतीने एकाच दिशेने फिरत पुन्हा दाराशी यायचं. बाथरूम वरून खाली. व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, आतून दाराकडे मागे सरकत, म्हणजे गालिच्यावर आपल्याच पावलांचे ठसे उरत नाहीत.

हा एवढा काटेकोरपणा कशासाठी? चौदाव्या खोलीत माणूस थकलेला असतो म्हणून. ‘काय राहिलं?’ हा प्रश्न थकलेल्या डोक्यावर सोपवला तर टीव्हीचा रिमोट पुसायचा राहतो, ड्रॉवरच्या तळाशी आधीच्या पाहुण्याचं बिल राहतं. एकाच दिशेने फिरणाऱ्याला आठवावं लागत नाही. वाटेत जे येईल ते हाताखालून जातंच. स्वतःला वेंधळं समजणाऱ्या अनेक मुलांना इथे शोध लागतो की नीटनेटकेपणा अंगात असायला लागत नाही. वाट ठरवून घेतली आणि ती मोडली नाही की तो येतो.

खोलीची तपासणीही बघण्यासारखी असते. चांगला सुपरवायझर नुसता उभ्याने नजर फिरवून जात नाही. तो खुर्चीत बसतो, पलंगावरून छताकडे बघतो, कमोडवर बसून समोरच्या दाराची आतली बाजू बघतो. साफ करणाऱ्याच्या उंचीवरून जे डाग दिसत नाहीत ते पाहुण्याला बसल्या-पडल्या दिसतात. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघावं असा उपदेश शाळेपासून आपण ऐकत असतो. इथे ते अक्षरशः त्याच्या जागी बसून, दिवसातून अनेकदा करावं लागतं.

हाउसकीपिंगमधली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे नोंदवही. विसरलेला चार्जर, अंगठी, अर्धवट भरलेला फॉर्म, काहीही सापडलं की खोलीचा नंबर, तारीख, वेळ आणि ज्याला सापडलं त्याचं नाव लिहून ते ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये जमा. जी वस्तू टोपलीत नाही ती कचरा मानायची नाही, मग ती चिठ्ठी का असेना. पाहुण्याची वस्तू दिसेनाशी झाली की पहिला संशय खोली साफ करणाऱ्यावर येतो, हे कटू असलं तरी खरं आहे. अशा वेळी त्याला वाचवते ती नोंद, आणि कुठलं कार्ड किती वाजता वापरून दार उघडलं हे सांगणारं कुलूप. हिशेब आणि कागद चोख ठेवायची सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडते; घरभाड्याच्या करारापासून सासरच्या दागिन्यांपर्यंत.

सर्व्हिसमध्ये, म्हणजे रेस्टॉरंटच्या कामात, दिवस ब्रीफिंगने सुरू होतो. शिफ्टच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सगळे ओळीत. आज किती टेबलं बुक आहेत, कोण महत्त्वाचं येणार, सुरमई संपलीय, सूप बदललंय, सहा नंबरच्या बाईंना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, काल काय तक्रार आली. मग कॅप्टन एकेकाला विचारतो: या सॉसमध्ये काय आहे? हे जैन लोकांना चालेल का? गोड पदार्थात अंडं आहे का?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इंग्रजीची भीती जाते ती इथे. वर्गात चूक केली की हसतात, इथे चूक केली तर चुकीचं ताट टेबलावर जातं. म्हणून मुलगा पदार्थांची नावं घोकतो, आदल्या रात्री वाक्यं जुळवतो, आणि काही आठवड्यांत त्याच्या ध्यानात येतं की एका टेबलाला लागणारी वाक्यं तीच तीच असतात. व्याकरण डळमळीतच असतं, पण आवाज स्थिर होतो. ज्याला वेळोवेळी ‘आत जाऊन विचारून सांगतो’ असं निर्धास्त म्हणता येऊ लागलं, तो तयार झाला असं समजावं. न कळलेलं कळल्यासारखं दाखवण्याची सवय मोडणं सगळ्यात अवघड.

ऑर्डर घेण्याची एक युक्ती बघा. टेबलावरच्या खुर्च्यांना ठरलेल्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने नंबर असतात आणि ऑर्डर त्या नंबरासमोर लिहितात. मग ताटं आणणारा दुसराच असला तरी ‘पनीर कोणाचं?’ असं विचारावं लागत नाही. घेतलेली ऑर्डर पाहुण्याला परत म्हणून दाखवायची. आपल्यानंतरच्या माणसाला विचारायची वेळ येऊ नये असं काम करून ठेवणं ही वृत्ती ज्याला लागली तो पुढे कुठल्याही ऑफिसात हवाहवासा वाटतो.

किचनबद्दल टीव्हीने इतकं दाखवलंय की थोडक्यात आटपतो. मोठ्या किचनची आजची उतरंड फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कॉफिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेल्या पद्धतीवर चालते: तळाशी कॉमी, मग डेमी शेफ, शेफ द पार्टी, सू शेफ आणि वर एक्झिक्युटिव्ह शेफ. नवा कॉमी बरेच दिवस कांदे, लसूण आणि बटाटे यांच्या पलीकडे जात नाही. कच्च्या मांसाला लाल पाट, मासळीला निळा, भाज्या-फळांना हिरवा. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात अन्न रेंगाळू द्यायचं नाही, कारण जंतू तिथेच झपाट्याने वाढतात. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी, आधी आलेलं आधी वापरायचं. या नियमांना हुद्दा नसतो. कॉमीने शेफच्या डब्यावरची तारीख उलटलेली दाखवली तर डबा फेकायचाच. जिथे असं दाखवता येतं ते किचन चांगलं. जिथे शिवीगाळ हीच शिकवण समजली जाते, तिथे मुलं चुका लपवायला शिकतात. कडक शिस्तीच्या नावाखाली चालणारा आरडाओरडा या धंद्याने फार काळ कौतुकाने मिरवला, तो आता पुरे.

फ्रंट ऑफिसला सगळ्यांना जायचं असतं, आणि गेल्यावर पळून यावंसं वाटतं, कारण हॉटेलातली प्रत्येक खात्याची चूक शेवटी त्या काउंटरवर येऊन उभी राहते. रात्री अकराची वेळ धरा. पाहुणा खाली आला आहे, एसी चालत नाही, त्याने दोनदा फोन केला, कोणी आलं नाही, आणि त्याचा आवाज चढलेला आहे. काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलीने काय करायचं?

पहिलं म्हणजे मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायचं. रागावलेला माणूस मध्येच अडवला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, हे अनुभवी लोकांना पक्कं ठाऊक असतं. ऐकताना खोलीचा नंबर आणि मुद्दे लिहून घ्यायचे; लिहिणारा हात दिसला की समोरचा आवाज आपोआप थोडा खाली येतो. मग माफी, ‘पण’ न जोडता. इंजिनिअरिंगवाले आले नाहीत, ऑपरेटरने निरोप दिला नाही, असं सांगायची जीभ शिवशिवते, पण पाहुण्याला ही खाती ठाऊक नसतात. त्याच्यापुढे उभी असलेली मुलगी म्हणजेच हॉटेल. त्यानंतर नेमकं काय करणार आणि किती मिनिटांत, हे सांगायचं. दहा मिनिटांचं काम असेल तर वीस सांगावीत. काम झाल्यावर आपणहून फोन करून विचारायचं, आणि बहुतेक ठिकाणी राहून जाते ती पायरी हीच. सगळ्यात शेवटी लॉगबुक, म्हणजे सकाळच्या शिफ्टमधल्या माणसाला तोच पाहुणा चेकआउटला आल्यावर काल रात्रीचं माहीत असतं.

हे महिनोन् महिने केल्यावर होणारा बदल मुलीच्या घरच्यांना आधी जाणवतो. भांडण सुरू असताना ती शांत बसते, मग एकच प्रश्न विचारते: आता काय करायचं? स्वतःवरचा राग आणि परिस्थितीवरचा राग वेगळे करता येणं ही फार मोठी कमाई आहे आणि कुठल्याही शिबिरात ती दोन दिवसांत हाती लागत नाही.

अर्थात ऐकून घेणाऱ्याच्या हाती काही अधिकारही हवा. रिट्झ-कार्लटन या अमेरिकी हॉटेल कंपनीत कुठल्याही कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा आहे, हे या धंद्यात नेहमी सांगितलं जातं. आपल्याकडे अनेक ठिकाणी एक कॉफी फुकट द्यायची तर दोन सह्या लागतात. बोलणी खायची जबाबदारी खालच्याची आणि निर्णय वरच्याचा, अशा जागी माणूस वाढत नाही, निगरगट्ट होतो.

याच काउंटरवर आणखी एक कठीण धडा असतो. काही पाहुणे बुकिंग करून येत नाहीत, म्हणून हॉटेलं असतात त्याहून थोड्या जास्त खोल्या विकून ठेवतात. गणित चुकलं की पक्कं बुकिंग असलेल्या माणसाला आपल्या खर्चाने दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. निर्णय रेव्हेन्यू मॅनेजरचा, तोंड मात्र काउंटरवरच्याचं. खोटं न बोलता संस्थेच्या वतीने क्षमा मागणं इथे शिकावं लागतं. पाइप फुटल्याची थाप मारणारे असतात. ते जास्त दिवस टिकतातही. पण त्यांच्याकडून शिकू नये.

रात्रपाळीला नाइट ऑडिट असतं: दिवसभराची बिलं, वसुली, खोल्यांचं भाडं यांचा मेळ घालून संगणकातली तारीख पुढे ढकलायची. परदेशी पाहुणा उतरला असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत नोंदणी अधिकाऱ्यांकडे गेलीच पाहिजे. पैशाची भीती जाते ती या कामात, आणि पहाटे चार वाजता एकट्याने निर्णय घ्यायची सवयही याच कामात लागते.

आता याची दुसरी बाजू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या सेविकांचा अभ्यास मांडला आणि चेहरा व भावना पगारासाठी सांभाळण्याच्या श्रमाकडे लक्ष वेधलं. नुसता चेहरा हसरा ठेवणं हा एक प्रकार. समोरच्याबद्दल आतून आपुलकी आणण्याचा प्रयत्न करणं हा दुसरा. दोन्हींना किंमत पडते. दिवसभर दुसऱ्यांसाठी हसून आलेला माणूस घरी गप्प बसतो, आणि घरच्यांना वाटतं याला आपलं काही पडलेलं नाही. पाय सुजतात. दुपारी तीन तासांची सुट्टी देऊन सकाळ-संध्याकाळ राबवणारी ब्रेक शिफ्ट अख्खा दिवस खाते. गणपती, दिवाळी, एकतीस डिसेंबर म्हणजे इतरांची मौज आणि आपली डबल ड्यूटी. शिफ्ट संपल्यावर ‘एकच पेग’ म्हणून लागलेली सवय किती जणांना भोवली, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल. नम्रपणा आणि लाचारी यांतली रेघ इथे रोज स्वतः ओढावी लागते; पाहुणा अंगचटीला आला तर तिथे स्मित थांबतं आणि सुपरवायझरला बोलवायचं असतं.

नम्रपणा भित्रेपणा नव्हे याची साक्ष मुंबईने 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री पाहिली. ताजमहाल हॉटेलात एका मेजवानीच्या दालनात अडकलेल्या पाहुण्यांना चोवीस वर्षांच्या बँक्वेट मॅनेजर मुलीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दारं लावून, दिवे मालवून, टेबलांखाली बसवून रात्रभर धीर दिला. त्या रात्री पाहुण्यांना वाचवताना हॉटेलच्या काही कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी डिसेंबर 2011 च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त या वागण्याची कारणं शोधली. त्यांना आढळलं की ताजची कंपनी महानगरांपेक्षा लहान शहरांतली मुलं निवडण्यावर भर देते, गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव बघते, इतर हॉटेलं साधारण बारा महिने शिकवतात तिथे अठरा महिने शिकवते, आणि कंपनीपुढे पाहुण्याची बाजू मांडायला कर्मचाऱ्यांना सांगते. त्या रात्री आदेश द्यायला वेळ नव्हता, माणसं आपापल्या बुद्धीने तशी वागली. अशा वेळी सवयच वागते.

वर चढण्याच्या गोष्टी या धंद्यात पुष्कळ आहेत आणि त्या निव्वळ दंतकथा नाहीत. मोहनसिंग ओबेरॉय 1922 साली शिमल्याच्या सेसिल हॉटेलात महिना 50 रुपयांवर कारकून म्हणून लागले. 1934 साली पत्नीचे दागिने आणि होती नव्हती ती मालमत्ता गहाण टाकून त्यांनी तिथलंच क्लार्क्स हॉटेल घेतलं. मुंबईच्या उडुपी हॉटेलांत दिवसा टेबलं पुसून रात्री कन्नड रात्रशाळेत शिकलेली आणि पुढे गल्ल्यावर बसलेली एक अख्खी पिढी होऊन गेली. गोव्याच्या गावागावांतून आलेले तारवटी, म्हणजे खलाशी, मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरायचे आणि बोटींवर स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून जग बघून यायचे. या सगळ्यांत एक साम्य दिसतं: ते एकाच कामाला चिकटून राहिले नाहीत. शेजारच्या टेबलावरचं, शेजारच्या खात्यातलं काम त्यांनी शिकून घेतलं.

नेमकी इथेच आजच्या हॉटेलांत गफलत होते. माणसं कमी, म्हणून चांगला हात मिळाला की त्याला त्याच खात्यात अडकवून ठेवतात. सहा महिने फक्त टॉवेलच्या घड्या घातलेला ट्रेनी काही शिकत नाही, स्वस्तात राबतो एवढंच. दहा नोकऱ्या बदलूनही तेच काम करणारा माणूस या धंद्यात जागोजाग भेटेल.

म्हणून तुमच्या घरातलं कोणी या क्षेत्रात जात असेल तर पगाराबरोबर आणखी थोडं विचारून घ्या. किती खात्यांतून फिरवणार आणि ते लिहून देणार का? शिकवायला माणूस नेमलेला आहे की ‘बघून शिका’? आठवड्याची सुट्टी खरोखर मिळते का, जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट दराने देतात का? मुलगी रात्रपाळी करणार असेल तर घरापर्यंत गाडी आहे का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे बंधनकारक असलेली अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यातल्या सदस्यांची नावं स्टाफ नोटीस बोर्डावर लावली आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मानू नका. मुलाखतीला जाल तेव्हा मागच्या दाराने आत जा, बोर्ड बघा, स्टाफ कॅन्टीनमध्ये जेवा, आणि मगच नियुक्तीपत्रावर सही करा.